एडीएचडी असलेल्या मुलांसाठी डोकं लावून खेळायचे खेळ: आखणी कशी करावी, नियम कधी बदलावा

मूल फार चळवळं आहे, मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावा म्हणजे दमून गप्प बसेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. फेऱ्यांनी वाईट काही होत नाही, फायदाच होतो. पण तिसऱ्या फेरीला पाय आपोआप पडत असतात आणि डोकं केव्हाच दुसरीकडे गेलेलं असतं. एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चळवळ, उतावीळपणा आवरणं जड जाणाऱ्या अवस्थेत, खरी ओढाताण होते ती तीन ठिकाणी: हातून घडू पाहणारी कृती ऐन वेळी थांबवणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, आणि नियम बदलला की जुना सोडून नवा पकडणं. या तिन्ही गोष्टी धावता-धावता, उड्या मारता-मारता कराव्या लागतील असा खेळ रचायचा, एवढीच यामागची कल्पना. त्याला लागणारं सामान एका पिशवीत मावतं.

अवघड काम खेळ निवडण्याचं नाही. मूल एखाद्या खेळात रुळलं की तो खेळही पुन्हा फेऱ्या मारण्यासारखाच होऊन बसतो. नियम भराभर वाढवले तर तेच मूल चिडून खेळ सोडतं. म्हणून नियम कधी बदलायचा आणि किती बदलायचा, हे खेळवणाऱ्याला कळलं पाहिजे. खाली जे काही दिलं आहे ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरतं.

अभ्यासांतून काय दिसलं

साध्या व्यायामाचाही उपयोग होतो, हे आधी मान्य करू. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या ८ ते १० वर्षांच्या मुलांनी एके दिवशी २० मिनिटं ट्रेडमिलवर मध्यम जोराचा व्यायाम केला आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ बसून वाचन केलं. व्यायामानंतरच्या चाचणीत त्यांच्या चुका कमी झाल्या, वाचन आणि गणितही सुधारलं.

पण व्यायामात डोकं गुंतलं की फरक पडतो. २००८ च्या एका जर्मन अभ्यासात १३ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी काहींनी १० मिनिटं हातापायांचा मेळ साधायचे व्यायाम केले, काहींनी नेहमीचा खेळाचा तास केला. नाडीची गती दोन्हीकडे सारखीच होती, तरी एकाग्रतेच्या चाचणीत पहिला गट जास्त सुधारला. २०१५ साली स्वित्झर्लंडमध्ये १० ते १२ वर्षांच्या मुलांवर ६ आठवडे असाच प्रयोग झाला. नियम सतत बदलणारे सांघिक खेळ खेळलेल्या गटात एका नियमावरून दुसऱ्यावर जाण्याची क्षमता वाढली; नुसतं धावलेल्या गटात ती वाढली नाही. ही मुलं एडीएचडीची म्हणून निवडलेली नव्हती. एडीएचडी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास २०१९ चा. त्यात ८ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, ३० मिनिटं शरीर हलवून खेळायचे व्हिडिओ गेम दिले होते. स्वतःला थांबवणं आणि नियम बदलणं मोजणाऱ्या चाचण्यांत या मुलांचे प्रतिसाद अधिक जलद झाले.

आता ज्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही ते. २०१८ साली, पुन्हा स्वित्झर्लंडमध्येच, ७ ते ९ वर्षांच्या मुलांना वर्गातल्या सुटीत २० मिनिटं डोक्याला बराच ताण देणारी हालचाल करायला लावली. त्यानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत नियम बदलण्याची क्षमता खालावलेली दिसली. डोकं आधीच थकलं होतं. अभ्यासाला बसण्याच्या तोंडावर नवा, अवघड खेळ शिकवायचा नाही, हा धडा इथून घ्यायचा.

हा व्यायाम औषधाच्या किंवा समुपदेशनाच्या बदल्यात नाही, जोडीला आहे. खेळ सुरू केला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.

सुरू करण्याआधी

व्यायाम करताना मूल कधी चक्कर येऊन पडलं असेल, छातीत दुखल्याची तक्रार केली असेल, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयाने गेलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेटसारख्या औषधांनी नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात, म्हणून हे प्रश्न औषध चालू असलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी महत्त्वाचे. या औषधांनी भूकही मरते. दुपारी ताटात निम्मं टाकलेलं मूल संध्याकाळी खेळायला आलं की दहाव्या मिनिटाला रडकुंडीला येतं आणि आपल्याला वाटतं लक्ष उडालं. खेळाच्या तासभर आधी पोटात काहीतरी गेलेलं असू द्या. उन्हात पाण्याची सुटी ठरलेल्या वेळी द्या; तहान लागली तर ते मागेल, या भरवशावर राहू नका.

औषधाची वेळही बघा. लगेच काम करणाऱ्या साध्या गोळीचा परिणाम साधारण ४ तास टिकतो. नवा खेळ शिकवायचा असेल तर त्या वेळात शिकवा, आणि परिणाम उतरण्याच्या वेळेला ओळखीचा, सोपा खेळ ठेवा.

एक गोष्ट नीट तपासायची राहून जाते. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना हातापायांचा मेळ साधायलाच जड जातं. चेंडू सुटला तर लक्ष नव्हतं म्हणून सुटला की झेलता येत नाही म्हणून? हे कळल्याशिवाय नियम लावण्यात अर्थ नाही. कसं तपासायचं ते चेंडूच्या खेळात येईल.

जागा, सामान आणि जोर

एका-दोघांसाठी ५ मीटर लांब आणि तेवढीच रुंद मोकळी जागा पुरते. खडू किंवा रंगीत चिकटपट्टी, १८ ते २० सेंटीमीटर व्यासाचा स्पंजचा चेंडू, दोन टेनिस चेंडू, उड्यांची दोरी, प्लॅस्टिकचे ६ छोटे कोन आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच. चौकटींसाठी कागद किंवा चटया मांडू नका. तिसऱ्या मिनिटाला त्या सरकतात आणि पाय मुरगळतो. खेळात जे लागणार आहे तेवढंच बाहेर काढा, बाकी पिशवी बंद करून नजरेआड. उघड्या पिशवीतला दुसरा चेंडू हा तुमच्या सूचनेपेक्षा कितीतरी जोरात बोलतो.

व्यायामाचा जोर ओळखायला यंत्र लागत नाही. खेळता-खेळता मूल बोलू शकतं पण गाऊ शकत नाही, म्हणजे मध्यम जोर. दोन-चार शब्दांत धाप लागते, म्हणजे जास्त जोर. नियमांच्या खेळात मध्यम जोर धरा. धाप लागलेली असताना चूक झाली तर ती दमण्याची की विसरण्याची, हे कुणालाच सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जास्त जोराची हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस जोराचा व्यायाम व स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम. डोकं लावून खेळायचे खेळ या तासातला एक भाग. उरलेल्या वेळात सायकल, पोहणं, नुसतं हुंदडणं, काहीही चालेल.

एक खेळ अगदी जवळून: चार रंग

जमिनीवर ४० सेंटीमीटरच्या चार चौकटी आखा: लाल, निळी, हिरवी, पिवळी. मधोमध एक खूण करा. प्रत्येक चौकट खुणेपासून २ मीटरवर असावी. मूल खुणेवर उभं राहील. तुम्ही रंग पुकारायचा, त्याने धावत जाऊन त्या चौकटीत पाय टेकवायचा आणि खुणेवर परत यायचं. जाऊन येऊन २ ते ३ सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांत साधारण १० पुकारे होतात. मग ३० सेकंद विश्रांती. अशा चार फेऱ्या झाल्या की एक डाव.

ही पहिली पायरी. यात डोक्याला फारसं काम नाही, पण ती गाळू नका. रंग ऐकला की पळायचं, ही सवय अंगात मुरल्याशिवाय पुढच्या पायरीत अडवण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या पायरीत एक रंग ‘थांब’चा. लाल पुकारलं की जागचं हलायचं नाही. दहा पुकाऱ्यांत लाल दोनदा, फार तर तीनदा येऊ द्या. पाच वेळा आला तर मूल पळायच्या तयारीतच राहत नाही, प्रत्येक पुकाऱ्याला थबकून वाट पाहतं, आणि मग स्वतःला रोखण्याचा सराव होतच नाही. हे प्रमाण चुकतं म्हणून कित्येकांचा हा खेळ बेचव होतो.

तिसऱ्या पायरीत अदलाबदल: लाल म्हटलं की निळ्यावर, निळं म्हटलं की लालवर, हिरवा-पिवळा जसेच्या तसे. चौथी पायरी स्मरणाची. पुकारलेल्या रंगावर जायचं नाही, त्याच्या आधी पुकारलेल्यावर जायचं. पहिल्या पुकाऱ्याला मूल जागेवरच राहील, दुसऱ्या पुकाऱ्याला पहिल्या रंगावर जाईल. हे तोंडाने समजावू नका, समजत नाही. तुम्ही स्वतः खुणेवर उभे राहा, मुलाला तीन रंग पुकारायला लावा आणि करून दाखवा. पाचव्या पायरीत टाळी आली: टाळी वाजली की अदलाबदल चालू, पुन्हा वाजली की बंद.

पायरी कधी बदलायची याचा नियम साधा ठेवा. दहापैकी ८ किंवा जास्त बरोबर, आणि तेही सलग दोन फेऱ्या, तर पुढे. ६-७ बरोबर असतील तर तिथेच रमू द्या. मेहनत तिथेच चालली आहे. ५ किंवा कमी आले की एक पायरी खाली, आणि हे ‘आता जुनं खेळूया’ म्हणत सहज करा, शिक्षा म्हणून नाही. बदल एका वेळी एकच. नवा नियम आणला त्या दिवशी वेग कमी करा; वेग वाढवायचा त्या दिवशी नियम जुना ठेवा. दोन्ही एकदम वाढवलं की सगळं कोसळतं आणि कशामुळे कोसळलं तेही कळत नाही.

आता बिघडतं कुठे. पुकारणारा बोलण्याआधीच त्या रंगाकडे बघतो. मुलं हे पहिल्या मिनिटात हेरतात आणि ऐकणं सोडून तुमचे डोळे वाचायला लागतात. म्हणून २० रंगांची उलटसुलट यादी आधीच कागदावर लिहून ठेवा आणि नजर कागदावर ठेवून वाचा. यादीशिवाय माणूस नकळत तोच तो क्रम धरतो, तेही मुलं ओळखतात. मूल पुकारण्याआधीच पळत सुटत असेल तर लगेच उतावीळ ठरवू नका. बहुधा तुमचे पुकारे फार संथ आहेत आणि रिकाम्या सेकंदांत ते अंदाज बांधतं आहे. स्मरणाच्या पायरीत काही मुलं पुढच्या रंगाकडे तोंड करून उभी राहतात, म्हणजे डोक्यातलं ओझं पायांवर टाकतात. ही लबाडी नाही, हुशारी आहे. थोडे दिवस चालू द्या, मग दर वेळी खुणेवर येऊन एक गिरकी घ्यायची असा नियम घाला.

शेवटच्या दोन फेऱ्या मुलाला पुकारू द्या आणि तुम्ही धावा, मधूनच मुद्दाम चुका. पुकारणाऱ्याला नियम डोक्यात धरून समोरच्याची चूक पकडावी लागते. हे धावण्यापेक्षा अवघड, पण मुलांना त्यात सत्ता मिळते, म्हणून कुरकुर होत नाही.

चेंडू

आधी तपासणी. २ मीटरवरून स्पंजचा चेंडू दहा वेळा फेका, नियम काहीच नाही. ८ झेल घेतले तर पुढे जा. त्याहून कमी असतील तर जमिनीवर एक टप्पा देऊन फेका, तरी जमेना तर चेंडू मोठा घ्या किंवा अंतर दीड मीटर करा. झेलण्यातच सगळं लक्ष जात असेल तर नियमासाठी जागा उरत नाही.

मग फेकता-फेकता एक आकडा बोला. सम आला तर थेट झेल, विषम आला तर एक टप्पा पडू देऊन पकडायचा. आकडा चेंडू हातातून सुटायच्या क्षणी बोला. आधी बोललात तर फार सोपं होतं, उशीर केलात तर चेंडू तोंडावर बसतो. पुढे झेलताना मागचा आकडा सांगायचा, नंतर मागच्या आणि आताच्या आकड्याची बेरीज. बेरजेची पायरी गणिताला घाबरणाऱ्या मुलाला देऊ नका. आकड्यांऐवजी प्राण्यांची नावं घ्या, पाण्यात राहणारा आला की टप्पा.

दोरीच्या उड्यांतही हे करता येतं: दोन उड्या दोन्ही पायांवर, एक उजव्यावर, एक डाव्यावर, आणि ‘बदल’ म्हटलं की उलटा क्रम. साध्या दोरीवर सलग २० उड्या येत असतील तरच.

तेराच्या पुढची मुलं

या वयात रंगीत चौकटी दाखवल्या तर भुवया वर जातात. ‘तुझ्या एकाग्रतेसाठी’ हे शब्द तर तोंडातून काढूच नका. त्यांना खरं कौशल्य हवं असतं, चारचौघांत करून दाखवता येईल असं. भिंतीवर चढणं, ठरलेल्या हालचालींचे क्रम असलेल्या युद्धकला, बसवलेलं नृत्य, टेबल टेनिस, बॅडमिंटनची दुहेरी, नकाशा आणि होकायंत्र घेऊन खुणा शोधत धावणं. या सगळ्यांत विचार आधीपासूनच विणलेला आहे, वरून चिकटवावा लागत नाही.

तीन चेंडूंचं जगलिंग हे एकट्याने, खोलीत शिकता येणारं असं कौशल्य. ६ ते ७ सेंटीमीटर व्यासाचे, १२० ते १३० ग्रॅमचे, न उसळणारे चेंडू घ्या. मोज्यांत धान्य भरून गाठ मारली तरी चालतं. पलंगाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे पडलेला चेंडू गादीवर थांबतो आणि दर वेळी खोलीभर शोधाशोध होत नाही. या मुलांचा धीर सुटतो तो चेंडू पडल्यामुळे नाही, तो आणायला गेल्यामुळे; वाटेत दुसरं काहीतरी दिसतं. पहिल्यांदा एकच चेंडू एका हातातून दुसऱ्यात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान करून. १० पैकी ९ नीट आल्यावर दुसरा घ्या. पहिला कमानीच्या टोकाला पोचला की दुसरा त्याच्या खालून फेकायचा: फेक, फेक, पकड, पकड. इथे जवळजवळ प्रत्येकजण एकच चूक करतो. दुसरा चेंडू वर फेकण्याऐवजी आडवा हातातल्या हातात सरकवतो. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या हाताने सुरुवात करणं. दोन चेंडू दोन्ही हातांनी सुरू करता आले की तिसरा, पण आधी फक्त तीन फेकी करून थांबायचं. चेंडू पुढे-पुढे पळत असतील तर भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून सराव करायचा. दिवसाला १० मिनिटं पुरे. तासभर दामटलं तर चुकाच पक्क्या होतात. तीन चेंडू सहज फिरायला लागले की मग चालता-चालता, किंवा कुणी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत.

सांघिक खेळात संघ लहान ठेवा. अकराच्या संघात कडेला उभ्या राहिलेल्या मुलाकडे चेंडू येतो कधी, आणि तोवर ते कुठे हरवलेलं असतं? तीन विरुद्ध तीन खेळवा. मग नियम घाला: ज्याच्याकडून पास आला त्याला परत द्यायचा नाही. हा जमला की शिट्टी झाली की दोन्ही संघांच्या गोलांची अदलाबदल. यात पहिला अर्धा मिनिट सगळेच चुकतात, आणि एडीएचडी असलेल्या मुलाला पहिल्यांदाच कळतं की चुकणारे आपण एकटे नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी एक कागदोपत्री बाब, जी ऐन वेळी अंगाशी येते. मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामाइन ही औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळासाठी बंदी असलेल्या पदार्थांत आहेत. वैद्यकीय कारणासाठी घेत असाल तर त्याची रीतसर परवानगी आधी काढावी लागते. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय कागदपत्रं २०१६ साली हॅकरांनी बाहेर काढली, तेव्हा तिने आपल्याला एडीएचडी असल्याचं आणि लहानपणापासून औषध घेत असल्याचं उघडपणे सांगितलं. परवानगी आधीच असल्याने नियमभंगाचा प्रश्न आला नाही. मुलगा किंवा मुलगी वरच्या पातळीवर खेळायला लागण्याची चिन्हं दिसली की प्रशिक्षकाशी हे बोलून घ्या.

अर्ध्या तासाची घडी

पहिली ५ मिनिटं पूर्ण ओळखीचं काहीतरी, अंग गरम होईल असं. पुढची ८ मिनिटं दिवसाचा मुख्य खेळ. नवा नियम आणायचा असेल तर इथेच. मग २ मिनिटं पाणी. पुढची ८ मिनिटं दुसरा, वेगळ्या प्रकारचा खेळ, पण जुन्या पायरीवर. त्यानंतरची ५ मिनिटं मुलाची. ते ठरवेल तो खेळ, ते ठरवेल ते नियम. उरलेली २ मिनिटं संथ चालत सामान आवरणं. मुलाची ५ मिनिटं कधीही कापू नका, वागणं कसंही झालेलं असलं तरी. आठवड्यातून ३ दिवस असं सत्र ठेवा. अभ्यासाच्या आधी मात्र हे सत्र नको. तिथे १५ ते २० मिनिटं मध्यम जोराचा साधा व्यायाम, ५-१० मिनिटं श्वास बसू द्यायचा आणि मग पुस्तक. झोपायच्या आधीच्या तासात जोराचं काही नको.

बोलायचं कसं

नियम एका वाक्यात, तोही आधी करून दाखवून. ‘समजलं का?’ विचारू नका, ‘हो’ येणारच. ‘लाल म्हटलं तर काय करशील, करून दाखव’ असं म्हणा. कौतुक नेमकं आणि त्याच क्षणी करा. ‘शाब्बास’पेक्षा ‘पाय उचलला होतास आणि थांबलास’ हे जास्त काम करतं, कारण काय जमलं ते मुलाला कळतं. चूक झाली तर पुढचा रंग पुकारा, भाषण नको. रांगेत उभं राहावं लागेल असे आणि हरला की बाहेर बसवणारे खेळ टाळा. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच आधी बाहेर जातो. गुणांची तुलना भावंडाशी नको, मुलाच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी करा.

काही मुलं खेळताना तापत जातात: आवाज चढतो, ढकलाढकली सुरू होते, हसणं थांबत नाही. तिथे ओरडलात तर आवाज आणखी चढतो. स्वतःचा आवाज खाली आणा आणि अंगाला जड काम द्या: दोन्ही हातांनी भिंत ढकलणं २० सेकंद, तीनदा, किंवा हातापायांवर अस्वलासारखं चालत खोलीच्या टोकाला जाऊन येणं. मग एक पायरी खालून पुन्हा सुरू करा. याउलट सलग तीन चुकांनंतर मूल गप्प झालं, खांदे पडले, तर त्याला जमणारा एखादा खेळ दोन मिनिटं खेळून थांबवा. जमलेल्या गोष्टीवर सत्र संपलं तर उद्या ते पुन्हा उभं राहतं.

सगळीच मुलं चळवळी नसतात. ज्यांचं फक्त लक्ष टिकत नाही, अंग शांत असतं, ती मुलं, त्यात मुली बऱ्याच, पुकाऱ्यानंतर क्षणभर कुठेतरी असतात. वेग वाढवून त्यांच्यात सुधारणा होणार नाही. फेरी ३० ऐवजी २० सेकंदांची करा आणि दोन पुकाऱ्यांमधलं अंतर एका सेकंदाने वाढवा. यांच्याबाबतीत एकूण बरोबर किती आले यापेक्षा डावातल्या शेवटच्या पाच पुकाऱ्यांत किती आले ते मोजा. लक्ष तिथेच गळतं.

वही

एका वहीत तारीख, खेळ, पायरी, दहापैकी किती, आणि झोप कशी झाली होती एवढं लिहा. चार आठवड्यांनी पानं उलटली की मुलाचा आठवडा दिसतो: कोणत्या दिवशी आकडा पडतो, कशामुळे पडतो. खेळात चढलेल्या पायऱ्या तशाच्या तशा गृहपाठात उतरतील असं मानू नका; खेळात जमलं म्हणून वर्गातही जमेलच, असा हिशेब मांडता येत नाही. खेळ चार रंगांचा चांगला झाला म्हणजे आधी चार रंगांचाच चांगला झाला. म्हणून दर ३-४ आठवड्यांनी खेळ बदला, तीच तीन कामं नव्या वेशात आणा. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या. औषधाची मात्रा किंवा वेळ ठरवताना ‘बरं आहे’ या उत्तरापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

आजारपण, परीक्षा, प्रवास यांनी खंड पडणारच. आठवड्याहून मोठा खंड पडला तर आधीच्या पायरीवरून सुरू करू नका, दोन पायऱ्या खालून करा. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात मूल आपोआप जुन्या जागी येतं, आणि परतल्यावरच्या पहिल्या दिवशी त्याला दहापैकी नऊ मिळालेले असतात.